मोज्यातली दादर

चोपडा डेपोत सहा वर्षं
उभ्यानं तिकिटं दिली, पाठ कधी बोलली नाही.
आता सातवा महिना,
आणि कुल्ल्यापासून टाचेपर्यंत एक शीर,
यावलच्या रस्त्यासारखी:
खड्डा आला की डोळ्यांपुढे काजवे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोप,
गुडघ्यांमधे उशी घे, कूस सावकाश बदल.
सावकाश!
रात्री कूस बदलायची म्हणजे
अख्खी गाडी रिव्हर्स घेणं,
आणि मागून "येऊ दे, येऊ दे" म्हणणारी
मीच तर असते.

काल सुपडूनं तव्यावर दादर गरम केली,
त्याच्या ड्यूटीच्या मोज्यात भरली
(धुतलेला, तीनदा विचारलं मी),
गाठ मारून आधी स्वतःच्या मनगटाला लावली,
मग माझ्या कमरेच्या खळग्यात ठेवली.
"माय वं."
एवढंच निघालं तोंडातून.

शीर काही गेली नाही.
पण टाचेतून पोटरीत आली, पोटरीतून मांडीत,
एकेक थांबा मागे सरकत.
आतला प्रवासीही निजला,
बिनतिकिटाचा.

खोलीभर भाजल्या ज्वारीचा वास.
सुपडू म्हणाला, भूक लागली का गं?

लागली होती.