नावाड्याची वाक्यं

पहिल्या भागात नावाड्याला मी एकशे चाळीस वाक्यं लिहिली.
त्यातली निम्मी कुणाच्याच कानावर पडणार नाहीत,
ठाऊक होतं.
रात्र असेल, खेळाडू जखमी असेल, खिसा रिकामा,
आणि तो उत्तरेच्या धक्क्यावरून आला असेल,
तरच नावाडी म्हणणार होता,
"बस. मलाही पलीकडेच जायचंय."
या एका ओळीत माझे दोन शनिवार गेले.

आवाज देऱ्याच्या खाडीवरून उचललेला.
मोफिजुल, चाटगावचा, अब्रा चालवतो,
एक दिरहम घेतो, चाक पायाने धरतो
आणि ऐन मध्यावर इंजिन हळू करून
अनोळखी माणसाला विचारतो, घरी कोण कोण.

करामातल्या फ्लॅटमध्ये चौघांनी बनवलेला खेळ.
खपला इतपत, की शवर्मा उधार घ्यावा लागला नाही.

दुसऱ्या भागाला पैसे घालणारे मिळाले.
एकोणिसावा मजला, ऑगस्ट,
एसी असा की हनीन शाल पांघरून बसलेली.
खजूर, कहवा, भिंतीवर आलेख.
"खेळाडू चाळीस तासांनी निघून जातो."
ग्रॅहम म्हणाला, गोष्ट संपते म्हणून जातो.
"मग संपवता कशाला?"
कुणी हसलं नाही. विनोद नव्हता तो.

देवमासा हा शब्द त्या खोलीत नव्याने कळला.
पहाटे तीनला कार्ड घासतो तो देवमासा.
शंभरात दोन.
उरलेले अठ्ठ्याण्णव कशाला, तर
त्या दोघांना हरवायला कुणीतरी हवं.
एकटा खेळणारा आलेखात कुठेच नव्हता.
सोनेरी वल्हं घेऊन तो दाखवणार कुणाला?

मी काही बोलले नाही.
व्हिसा स्टुडिओच्या नावावर,
नहदातल्या घराच्या भाड्याचे चार चेक दिलेले,
दोन वटायचे होते.

तर आता नावाडी रोज भेटतो.
पाच दिवस सलग आलात तर एक मोती,
एक दिवस चुकलात तर पहिल्यापासून.
एकशे छत्तीस वाक्यं गेली.
उरलेल्या चारांत "मोती कमी पडतायत" दोनदा आहे,
एकदा साधं, एकदा सणासुदीचं.
रेजिलने पलीकडचा काठ काढून टाकला.
म्हणजे दिसतो अजून, पण नुसता रंगवलेला.
नाव मध्यापर्यंत जाते, दुकान उघडतं, नाव परत येते.
हनीनने पानापानाने काढलेली लिंबाची बाग
आता हंगामी पेटीच्या मागे असते, धूसर.
"निदान दिसते तरी," ती म्हणाली
आणि चष्मा पुसत बसली बराच वेळ.

परवा फुजैराहून मेल आला.
ओदेलू, जगित्यालचा,
तेलाच्या टाक्यांवर रात्रपाळीचा पहारेकरी.
रोमन लिपीतली हिंदी, मध्येच तेलुगू.
तुमचा पहिला भाग अकरा महिने खेळतोय, लिहितो.
लॅपटॉप जुना, केबिनमध्ये नेट नाही, लागतही नाही.
सगळं झालं, फक्त शेवटच्या नावेत बसायचं राहिलंय.
बसलो की संपेल.
म्हणून रोज धक्क्यावर जातो.
तो म्हणतो बस, मी म्हणतो आज नको.
तो काही बोलत नाही, नुसता पाण्याकडे बघतो.
मॅडम, एवढ्यांदा नाही म्हटलं तरी रागावत नाही,
माणूस चांगला लिहिलाय तुम्ही.

खरं सांगायचं तर
नको म्हणणाऱ्यासाठी मी वाक्यच लिहिलं नव्हतं.
सुचलंच नव्हतं की असा कुणी येईल.
ती चूक आहे, ओदेलू. रिकामी राहिलेली जागा.

हे त्याला कळवलं नाही.
दुसऱ्या भागाचंही नाही.
लिहिलं, तो थांबेल. हवा तेवढा वेळ घ्या.
पाठवलं, आणि मग जुनी वही काढून
एकशे एकेचाळीस असा आकडा घातला
आणि पुढे तेच उतरवलं.