शेरा

दुपारी तीनपासून फोन वाजतोय.
"साहेब, तुटलं का?"
जणू धरण आहे कुठलं.
मी म्हणतो, साडेपाचला बघू,
पारा घाईनं वाचायचा नसतो.

सोनेगावच्या या कुंपणात
पांढऱ्या झडपांची पेटी, छातीएवढ्या उंचीवर,
आत कायम सावली.
शहराचं तापमान म्हणून आम्ही जे सांगतो
ते सावलीचं असतं.
कुंपणापलीकडे नव्या सिमेंट रोडवर
फुलवंता उइके ओली पोती अंथरते,
डोक्याला दुपट्टा, दुपट्ट्याच्या गाठीत कांदा.
काल म्हणाली, "तुमच्या त्या डब्यात
मले बसू द्या न जी घटकाभर."
मी हसलो. ती नाही हसली.

बर्डीवर सिग्नल बंद, एक ते चार.
इतवारीत वाळा महागलाय,
कूलरचं पाणी टँकरवाल्याच्या मर्जीवर,
आणि नवतपा अजून चार दिवस लांब.

साडेपाच.
वाचला. पुन्हा वाचला.
मग कपाटातलं ते जुनं रजिस्टर काढलं
ज्याच्याशी आजची बरोबरी लावायची.
पानं पापडासारखी, शाई तपकिरी.
पूर्णांक स्पष्ट आहे.
दशांशावर मात्र थेंब पडलाय कधीकाळी,
घामाचाच असणार,
दुसरं कसलं पाणी असणार त्या दिवशी.
तीन असेल. किंवा आठ.
तीन असेल तर आज तुटलं,
आठ असेल तर नाही.

भिंग घेऊन बसलो.
शेऱ्याच्या रकान्यात नेहमीचंच:
आकाश निरभ्र. वारा पश्चिमेचा, उष्ण.
आणि त्याखाली पेन्सिलीनं, बारीक,
सरकारी कागदाची चोरी करावी तसं:
बर्फ मिळाला नाही.

कुणासाठी, ते लिहिलेलं नाही.
पान उलटलं.
पुढचे तेरा दिवस अक्षर वेगळं आहे.
चौदाव्या दिवशी पुन्हा तोच हात,
तोच पोटफुगा चार,
आकाश निरभ्र.

फोन.
"साहेब, पान सोडायचंय, आकडा द्या फक्त."
वाचता येत नाही, म्हणालो.
"आजचा?"
मागचा.
"मग बरोबरीत सुटलं असं टाकू का?"

ठेवला.
पारा उतरवायला बाहेर आलो.
हा कमाल मोजणारा, याची खोड वेगळी:
एकदा चढला की तिथंच थांबतो.
ऊन कलू दे, रात्र होऊ दे,
हातानं झटकल्याशिवाय खाली येत नाही.
एरवी तीन झटक्यांत येतो.
आज मोजायचं विसरलो.

रोडवर पोती वाळून ताठ झालेली.
पाइप पडलेला, कोरडा.
कुंपणावरूनच ठेकेदाराला हाक मारली,
फुलवंता कुठाय?
तो कानामागचा गमछा सोडत म्हणाला,
"कोन फुलवंता?"

आत आलो.
रजिस्टर उघडंच होतं, आजचं आणि तेव्हाचं, शेजारी शेजारी.
आकडा नंतर लिहू.
आधी पेन्सिल शोधतोय.