घोष, अघोष

जिल्ह्याने मार्चमध्ये रेडिओ बदलले
आणि लेम्पी हार्यूच्या स्वयंपाकघरातला स्कॅनर
एकतीस वर्षांनी गप्प झाला.
अगदीच गप्प नाही. तापल्या तव्यावर पाणी पडावं
तसा चर्र करायचा, थांबायचा, पुन्हा चर्र.
टॉवेलात गुंडाळून ती तो दुकानात घेऊन आली,
आजारी कोंबडी आणावी तसा.

उत्तर मिनेसोटात मार्च म्हणजे अजून हिवाळाच. उणे अठरा.
बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाली,
"रूडी, याचं काय बिघडलंय?"
काही नाही, म्हटलं. हा धडधाकट आहे.
समोरच्यांनी भाषा बदललीय.

मग समजावलं, जमेल तसं:
आता आवाज पाठवत नाहीत,
आवाजाचं वर्णन पाठवतात.
सेकंदाचे पन्नास तुकडे,
दर तुकड्याला अठ्ठ्याऐंशी शून्य-एक,
त्यात बसवायचं स्वर किती उंच,
कुठल्या पट्टीत घोष, कुठल्या पट्टीत नुसती हवा.
इकडचं यंत्र ते वाचून
नवा गळा तयार करतं.
"म्हणजे साक्षीदाराने सांगायचं
आणि पोलिसांनी चोराचं चित्र काढायचं?"
तसंच.
मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

"नवा केवढ्याला?"
सहाशे चाळीस डॉलर.
तिने टॉवेलाची घडी घातली, उलगडली.
पत्रा, काच, बटणं, माझे चार पैसे,
आणि आत त्या सूत्राच्या मालकाचा वाटा,
जितकी यंत्रं तितक्यांदा.
"पोरं आमची, आग आमची,
टॉवर आमच्या करातला,
आणि मधल्या मधे गळ्याचं भाडं?"
मी दुकानदार. मी मान हलवली,
होय आणि नाही दोन्हीकडे चालते तशी.

मालकाचीही बाजू आहे.
एवढ्याशा फटीतून माणसाचं बोलणं कसं न्यायचं
यापायी कुणीतरी डोळे फोडून घेतले असतील.
हे तिला सांगितलं नाही.
गिऱ्हाईक टॉवेल चुरगाळत असताना
वहीचं दुसरं पान उलटू नये.

रात्री एक फुकटचा डीकोडर उतरवून घेतला.
माथ्यावर कुणी लिहिलेलं: अभ्यासापुरतं.
वापराल तर परवान्याचं तुमचं तुम्ही बघा.
मी अभ्यास केला, जुन्या लॅपटॉपवर, दोन वाजेपर्यंत,
स्वतःच्याच दुकानात पडदा ओढून.

शनिवारी तिच्या टेबलावर मांडला.
कॉफी, वेलचीचा पुल्ला.
नऊनंतर कधीतरी: हायवेपलीकडे, सौनाला आग,
सगळे बाहेर आलेत.
"हा आमचा एइनो." मग, "छे. एइनोचा घसा बसलेला असतो.
हा डबक्यातून बोलतोय."
मागे करवत चालू असेल, म्हटलं.
यंत्राला करवतही माणूस वाटते.

पुन्हा आवाज आला. बटण दाबून आधी थोडा थांबला.
"एइनोच. लहानपणी अडखळायचा ना,
तेव्हापासून असा थांबतो."
जरा वेळाने, "त्या थांबण्याचे तरी
पैसे पडत नाहीत ना?"
शांततेलाही, म्हटलं, अठ्ठ्याऐंशीच लागतात.

वहीत लिहिलं: हार्यू, लॅपटॉप जुना, मिळाला पुल्ला एक.
पावती क्रमांकाचा रकाना कोरा.

तिकडे तो सांगत होता, पाणी संपत आलंय,
दुसरा टँकर पाठवा,
आणि आम्ही दोघं तोंडातला घास तसाच ठेवून
त्या उसन्या गळ्याकडे बघत होतो.