नग अकराशे चाळीस

टोरांटोहून पत्र आलंय:
भावाचं खातं तीस तारखेच्या आत रिकामं करा.
आत एकच गोष्ट आहे,
समुद्राच्या लाटांवर वीज काढणाऱ्या कंपनीचे
अकराशे चाळीस शेअर.
कंपनीचं नाव बाजारातून उडालं त्याला सहा वर्षं झाली,
उपेंद्र जाऊन दोन.
भाव शून्य. पुढे दशांशाची आणखी दोन शून्यं,
सभ्यपणा म्हणून.

रावपुऱ्यात परदेशी शेअरांची खाती काढून देतात,
तिथली धृवी तीन अक्षरं टाइप करते, मान हलवते.
"आंटी, हा सिंबॉलच दाखवत नाही.
चालू असता तर दोन दिवसांत आणला असता."

तिकडे फोन केला, तर
विकता येत नाहीत, घेणारं कोणी नाही;
टाकून देता येत नाहीत, कारण आता मालक मी.
धृवीनं शेवटी एक वाट काढली, कागदोपत्री, हातानं.
खर्च दीडशे डॉलर.
शून्याची हमाली दीडशे डॉलर!
बँकेत सत्तावीस वर्षं काढलेली बाई मी,
हिशेब दोनदा केला.

कोठीच्या आवारात हसमुख पंड्या नोटरी
चष्मा कपाळावर सरकवून विचारतो,
"बेन, किंमत शुं लखुं?"
शून्य, म्हटलं.
शून्यावर शिक्का बसत नाही म्हणे.
मग एक रुपया लिहिला.
सहा वर्षांत पहिल्यांदाच भाव वाढला.

परतताना रिक्षा सूरसागराशी अडकली.
पाणी नेहमीसारखं, ढिम्म.
आठवीत असताना उपेंद्रनं इथे खडा टाकून
वर्तुळं मोजली होती,
वहीत तारीख घालून लिहिली होती: नऊ.
शेअर घेतले त्या रात्री त्याचा फोन आला,
"ताई, लाट फुकट असते गं!"
फुकटचं कुणाला पचलंय, मी म्हणाले,
आणि गॅसवरचं दूध बघायला गेले.

फॉर्मात एक रकाना होता, हस्तांतराचं कारण.
दोन बोटांची जागा.
धृवी म्हणाली, 'फॅमिली' लिहा, चालतं.

पैसे भरले. शेअर तिकडून निघालेत,
इथे पोचलेले नाहीत.
रोज जेवण झाल्यावर मोबाइलवर बघते:
वाटेत.
असतील अटलांटिकवर कुठेतरी.
तिथे लाटा तरी आहेत.
आज सत्तावीस तारीख.