नियम क्रमांक अकरा

"वसतिगृहाच्या आवारात मद्य, गांजा, गोळ्या
वा तत्सम पदार्थ बाळगणारा, सेवन करणारा
आणि त्यास साहाय्य करणारा विद्यार्थी
तत्काळ काढून टाकण्यास पात्र राहील."

हे वाक्य माझंच.
विश्रामबागेतल्या त्या पिवळ्या इमारतीत
रेक्टर झालो त्या जूनमध्ये लिहिलेलं.
'तत्सम'वर मी खूश होतो.
मराठीच्या देशिंगकर बाईंनी 'साहाय्य'ला काना दिला,
एवढीच काय ती चर्चा.

तसा मी कडक माणूस नाही.
बत्तीस नंबरच्या खोलीत एकदा
क्वार्टरच्या बाटलीत मनीप्लांट सापडला,
तर समितीत पाऊण तास वाद:
रिकामी बाटली ही बाटली धरायची का?
वनस्पतीशास्त्राचा म्हणून मला विचारलं.
मी म्हणालो, मुळं निरोगी आहेत.
पोरं वर्षभर मला 'मुळं सर' म्हणायची,
जिन्यात, हळूच, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

फेब्रुवारी होता. बाजारात नवी हळद आली की
वारा फिरला तर आमच्या खिडक्यांपर्यंत वास येतो.
पावणेतीनला दार वाजलं.
तौसिफ मुलाणी. अनवाणी.
पाठ करून आल्यासारखा बोलला:
"सर, मगदूमला बरं नाहीये. पोट."

पोट.
खोलीत लिंबाच्या साली, ओला टॉवेल,
ताकाच्या तीन रिकाम्या पिशव्या,
पुसलेली फरशी. फार नीट पुसलेली.
आणि अभिनंदन मगदूम, कुशीवर,
ओठांना पेन्सिलीच्या शिशाचा रंग.

दूधवाल्याचा टेंपो मिळाला.
कॅन बाजूला सरकवून त्याला आडवा घातला,
डोकं तौसिफच्या मांडीवर.
मिरजेचा रस्ता तेव्हा नको तितका मोकळा असतो.
वानलेसवाडीपाशी विचारलं,
"कधीपासून असा?"
"साडेबारा."
"आणि पावणेतीनपर्यंत काय करत होता रे?"
तो टेंपोच्या पत्र्याकडे बघत म्हणाला,
"अकरा नंबर वाचत होतो सर.
साहाय्य करणारा म्हणजे कोण, ते ठरेना."

मगदूम वाचला.
हे लगेच सांगून टाकतो,
मलाही दोन दिवस कुणी लगेच सांगितलं नव्हतं.

समितीपुढे त्याचे वडील आले सावळजहून.
हातात बेदाण्याची पिशवी,
कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून.
द्यायची कधी ते त्यांना कळेना,
ठराव वाचून होईपर्यंत ती मांडीवरच राहिली.
द्राक्षावर एक चांगलं वाक्य सुचलं होतं मला.
गिळलं.
मुलाणी एका मताने राहिला.
मगदूम गेला. त्या कागदावर माझीही सही आहे,
तारखेसकट, सुवाच्य.
पिशवी टेबलावरच राहिली. शिपायाने ती
कपाटात ठेवली, जप्त मालाच्या शेजारी.

जूनमध्ये फलक नव्याने रंगवायचा होता.
पेंटर अक्षरावर पैसे घेतो.
अकराच्या खाली मी माझ्या खिशातून
एक ओळ वाढवली:
"कुणी पडला तर आधी मला उठवा.
कुणी आणलं, कुणी घेतलं, ते उद्या बघू."
प्राचार्यांचा शेरा आला:
मजकूर नियमाच्या भाषेत नाही.
खरं आहे.
फाईल अजून वर आहे, ओळ अजून भिंतीवर.

परवा सव्वादोनला दार वाजलं.
चपला न घालता धावलो, दोन-दोन पायऱ्या.
पहिल्या वर्षाचा एक पोरगा, पोटाशी गुडघे.
वास घेतला, डोळे बघितले, नाडी मोजली.
त्याचं खरंच पोट दुखत होतं.
मेसची वांगी.
ओवा चावायला दिला
आणि तो झोपेपर्यंत तिथेच बसलो,
बाकीची पोरं दारात उभी,
माझ्या अनवाणी पायांकडे बघत.