पहिली नोंद वजा

सात बेटं, सात मोजपट्ट्या,
आणि प्रत्येकीचं शून्य वेगळं.
कुणी ते खडकात कोरलं, कुणी धक्क्याच्या खांबावर रंगवलं,
एका पाद्र्यानं तर वहीत सरळ लिहून ठेवलंय:
"चर्चच्या खालच्या पायरीपासून मोजले."
ती पायरी आता कुठे आहे, विचारू नका.

नोव्हेंबर. वासाच्या बंदरामागं
तीनलाच दिवे लागतात.
मी एक ओळ लिहिते:
बेटागणिक गट कर,
तारखेनं लाव,
गटातली पहिली नोंद उचल
आणि त्या गटातल्या सगळ्यांतून ती वजा कर.

कॉफी निवायच्या आत होतं.
वेगवेगळ्या उंचीवर तरंगणाऱ्या रेषा
एका बिंदूवर येतात, तिथून निघतात,
शाळा सुटल्यावर फाटकातून पोरं निघावीत तशा.
एक, दोन… सहा.

सातवी नाही.

टॅर्नशेर. चाळीस वर्षांच्या नोंदी, रोजची एक,
आणि पडद्यावर ठिपकासुद्धा नाही.
पहिली नोंद आकडा नव्हतीच.
पोकळी वजा केली मी, चौदा हजार दिवसांतून,
यंत्रानं निमूटपणे चौदा हजार पोकळ्या दिल्या.

तळघरातून मूळ वही मागवली.
पुठ्ठ्याला अजून सीलच्या चरबीचा वास.
एक जानेवारी, एकोणीसशे सत्तावन्न.
आकड्याच्या चौकटीत, चौकटीबाहेर जाणाऱ्या अक्षरांत:
"बर्फ. पट्टी दिसत नाही. – टूरवाल्ड एंग्स."
दोन जानेवारी: "बर्फ."
तीन: "बर्फ."
पान उलटलं. बर्फ.
म्हणजे रोज जात होता हा माणूस,
दिसत नाही हे बघायला.
बारा मार्चला शाई बदललेली:
"कुऱ्हाडीनं भोक पाडलं. एकशे एकेचाळीस."

"पहिल्या नोंदीवर कसला भरवसा ठेवतेस?"
पलीकडच्या टेबलावरून ओर्वोक्की म्हणाली.
"एखाद्याची वही वादळात उघडते,
म्हणून जन्मभर त्याला वादळापासून मोजायचं?
सातही जण जागे होते असं एक वर्ष शोध,
त्याची सरासरी धर."
सापडलं. एकाहत्तर.
पुन्हा गट, पुन्हा वजाबाकी.
सातही रेषा आता एकाहत्तरपाशी गाठ मारून

खाली उतरतात.

सगळ्याच. हळूहळू, न भांडता.
समुद्र आटत नाही इथं, हे मला ठाऊक आहे,
शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे:
हिमयुगाचं ओझं उतरून हजारो वर्षं झाली,
आणि जमीन अजून पाठ सरळ करतेय,
वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर.
पण ठाऊक असणं वेगळं,
आणि आपण ज्याला शून्य म्हटलं
तेच उठून चाललेलं पडद्यावर बघणं वेगळं.
तेही वजा करता येतं. एक ओळ आणखी.
बोटं कळफलकावर तशीच ठेवून बसले थोडा वेळ.

मग टॅर्नशेरला फोन लावला.
टूरवाल्डची मुलगी गुनवोर, वय ऐंशीच्या पुढं,
आधी तिला वाटलं मी वीज कंपनीतून बोलतेय.
"पट्टी? आहे की! गवतात आहे.
होडीघराच्या दारात बर्च उगवलेत,
पाण्याला जायचं तर बूट घालून चालत जावं लागतं.
पट्टीचा उपयोग आमच्या बकरीला,
पाठ खाजली की तिथंच जाऊन घासते.
कितीवर, म्हणालीस?
थांब, चष्मा घेते…
नव्वदच्या आसपास. केस चिकटलेत तिथं."

मी ते लिहून घेतलं. का, माहीत नाही,
बकरीसाठी रकाना नाही माझ्याकडं.

रात्री फाइल बंद करण्याआधी
वजाबाकीच्या वर एक टीप टाकली,
यंत्र जी वाचत नाही, पुढं येणारा वाचेल:

टॅर्नशेर, सुरुवातीचे सत्तर दिवस रिकामे.
बर्फ होता.
माणूस हजर होता.