दोन पौंड, नोव्हेंबर

मार्चमधला शुक्रवार. व्हिरोक्वात अजून गुडघाभर बर्फ.
आर्लिस कुंपणावरून पाकीट देते,
पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, विटेसारखं घट्ट.
वर काळ्या मार्करनं ऑर्डेलचं अक्षर:
मादी. खिमा. दोन पौंड. नोव्हेंबर.
साल लिहिलेलं नाही.
पुढच्या नोव्हेंबरच्या आत संपेल, असाच हिशेब असणार त्याचा.

"फ्रीझरमध्ये अशी अजून वीस आहेत," ती म्हणते,
"आणि मी एक."
त्याचा स्मोकर तिनं जानेवारीतच आमच्या अंगणात ढकलला होता.
काळा, ढेरपोट्या, एका पायानं अधू;
खाली वीट देऊन उभा केलाय.

शनिवारी सकाळी परातीत घेतला.
खिमा गडद, पिकल्या जांभळासारखा,
चरबीचं नाव नाही.
जन्मभर धावलेलं मांस,
मुठीत वळलं तरी भुगा होऊन सुटतं.
ऑर्डेल डुकराची चरबी मिसळायचा, चारास एक.
मी थिजलेलं तूप किसून घातलं,
आलं, कोथिंबीर, आणि गडहिंग्लजचा कांदा-लसूण मसाला,
डब्याच्या तळाचा, खरवडून.

आईला फोनवर सांगितलं. आधी नुसती शांतता.
मग, "हरणाचा? अगं, तुरुंगात घालतील!"
म्हटलं, इथे परवाना मिळतो, कानाला चिठ्ठी बांधतात.
"कुणाच्या कानाला?"

मळताना बोटाला काहीतरी टोचलं.
हाडाची कपची असेल म्हणून नळाखाली धरलं,
तर तांबं. तांदळाच्या कणीएवढं, एका बाजूनं मुडपलेलं.
वाटीत टाकलं. टण् वाजलं.

अवधूत शनिवार पाळतो. खाणार नाही.
पण जाळ मात्र त्याच्याच हातात हवा.
बुटांवर बर्फ, कानटोपी, ऑर्डेलचे चामडी हातमोजे,
सफरचंदाचं एकेक लाकूड तो असं ठेवतो
जणू कुणी झोपलंय आत.
दोन शरद ऋतू त्याची शिकवणी झाली कुंपणापाशी.
दोघं तीन-तीन तास उभे राहायचे
आणि चार वाक्यं बोलायचे,
त्यातली तीन वाऱ्याबद्दल.
चौथं अवधूतला पाठ आहे:
पहिला पांढरा धूर कडू, तो जाऊ द्यायचा.
मग येतो तो निळा.
दिसेल न दिसेल इतका.

दोनशे पंचवीसच्या वर काटा चढू द्यायचा नाही.
वड्याच्या पोटात सुई एकशे साठला टेकली
तेव्हा आर्लिस बटाट्याचं सॅलड घेऊन आली.
पहिल्या घासाला ठसका, डोळ्यांत पाणी,
"ऑर्डेलला नसतं हं झेपलं,"
आणि ताट पुढे करून दुसरा तुकडा.

वाटी दाखवावी की नको, हे ठरेना.
तिनंच पाहिली, ओट्यावरची.
कणी बोटाच्या टोकावर घेऊन खिडकीपाशी गेली.
"म्हणजे ही ती," म्हणाली.
"छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा बार खाली गेला.
अंधार पडेपर्यंत माग काढत फिरला तिचा, टॉर्च घेऊन.
घरी आल्यावर जेवला नाही.
मला म्हणाला, थंडीनं हात हलला.
थंडी नव्हती त्या दिवशी.
मी काही बोलले नाही."

सॅलड तसंच राहिलं.
जाताना कणी तिनं कोटाच्या खिशात टाकली,
खिशाला भोक आहे का ते आधी चाचपून.

रात्री जाग आली तर शेजारची उशी रिकामी.
घड्याळात बारा वाजून चार.
रविवार लागला होता.
स्वयंपाकघरात दिवा न लावता
फ्रीजच्या उजेडात अवधूत उभा,
हातानंच थंड वडी मोडत.
"कशी झालीय?" मी विचारलं.
बराच वेळ चावत राहिला.
"वारा पश्चिमेचा होता,"
तो म्हणाला.